सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग, अपडेट आणि कॉपीचं कुलूप

प्रश्न : वडिलांची टीव्हीवरची मुलाखत मी सेट-टॉप बॉक्सला हार्ड डिस्क लावून रेकॉर्ड केली. नव्या अपडेटनंतर ‘कॉपी करता येणार नाही’ असं दिसतं. कॉम्प्युटरवर फाइल उघडत नाही. कंपनीला असं करता येतं का? एक तंत्रज्ञ कुलूप काढून देतो म्हणतो. तो गुन्हा ठरेल का?

उत्तर : आधी डिस्क सांभाळा. अशी रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सच्या किल्लीने एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे दुसरीकडे वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात साठवलेली असतात. ती डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो फॉरमॅट करू का विचारतो. ‘होय’ दाबलं की मुलाखत गेली. बॉक्स बदलून देतो म्हणाले तरी काम होईपर्यंत जुना हातचा सोडू नका.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रसारणावर वाहिनीचा २५ वर्षं हक्क असतो. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्या हक्काचं उल्लंघन ठरत नाही. ही सवलत रेकॉर्डिंग करणाऱ्यापुरतीच आहे. भावंडांना पेनड्राइव्ह वाटणं तिच्यात बसत नाही, यूट्यूबवर टाकणं तर नाहीच. मुलाखत वडिलांची असली तरी चित्रफितीचे हक्क त्यांच्याकडे येत नाहीत. या सवलतीच्या जोरावर कंपनीकडे ‘कॉपी काढून द्या’ असा हट्टही धरता येत नाही.

आता कुलूप. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ अनेकजण अर्धवटच वाचतात. कुलूप तोडणं गुन्हा ठरतं ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. मात्र मदत करणाऱ्याने तुमचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. तुमचा तंत्रज्ञ नोंद नको म्हणत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. शिवाय गुन्हा नसला तरी करारातल्या अटी मोडून वॉरंटी जाऊ शकते.

त्यापेक्षा वाहिनीला लेखी विनंती करा : कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख, वेळ आणि ‘घरगुती वापरासाठी एक प्रत आणि ती भावंडांना देण्याची परवानगी हवी’ एवढंच. मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो, कारण परवानगी मिळाली की भावंडांचाही प्रश्न सुटतो. पत्रात तसं मागूनच घ्या.

अपडेटबद्दल तक्रार करता येईल, पण ती कंपनीने काय कबूल केलं होतं यावर उभी राहते. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘रेकॉर्ड करा, कॉपी करा’ असं लिहून बॉक्स विकला आणि नंतर ती सोय काढली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हे दोन्ही मुद्दे घेता येतात. बॉक्स भाड्याचा असेल किंवा सोय बदलण्याची मुभा करारात स्पष्ट असेल, तर बाजू कमकुवत होते. बिल, खोका, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो आणि सेटिंगमधला सॉफ्टवेअर आवृत्तीचा क्रमांक आजच जपून ठेवा; पुढच्या अपडेटनंतर तो क्रमांक दिसणार नाही.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. बॉक्ससाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.