साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचं एवढं नाव का आहे?

कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी शिक्षण तिथे सुरू झालं. ही शाळा तेव्हा 'गव्हर्नमेंट हायस्कूल' होती आणि जुन्या राजवाड्यात भरायची. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांना पहिल्या इयत्तेत घातलं. रजिस्टरमध्ये 1914 क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे, शेजारी त्या लहानग्याची सही. ती सही शाळेने जपून ठेवली, हीच मला तिची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. जुनी दप्तरं रद्दीत जाताना आपण रोज बघतो. 1904 पर्यंत ते इथे शिकले. 2017 पासून 7 नोव्हेंबर हा राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो, तो याच प्रवेशामुळे. शाळा आज जिल्हा परिषदेची आहे. निकालाची टक्केवारी विचारणाऱ्यांनी आधी हे रजिस्टर बघावं.