लावणीतला ‘मी’ कोणाचा?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील व्याख्यानात वक्त्यांनी सांगितले की, लावणीत स्त्री स्वतः बोलते, तर चित्रपटांतील आयटम साँगमध्ये तिच्याकडे केवळ पाहिले जाते, म्हणून लावणी स्त्रीला कमी लेखत नाही. हे कितपत खरे आहे?
– एक वाचक, कराड

उत्तर : लावणीत पुष्कळदा स्त्रीच बोलत असते, हे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर हे सारे शाहीर पुरुष होते आणि लावणीतली स्त्रीलिंगी क्रियापदे त्यांच्याच लेखणीतून उतरली आहेत. पेशवाईत मोहिमेवर गेलेल्या धन्यासाठी झुरणारी विरहिणी शाहिरांनी मोठ्या आर्ततेने रंगवली खरी, परंतु घरी कोणीतरी आपल्यासाठी तळमळत असावे, ही शिपायाचीच इच्छा तिच्या तोंडून बोलते की काय, अशी शंका येत राहते. शिवाय ‘मी’ काय, आयटम साँगमध्येही असतोच. २०१२ सालच्या एका गाजलेल्या हिंदी गाण्यातील नर्तकी स्वतःच स्वतःला तंदुरी कोंबडी म्हणवून घेते!

तरीही शब्द पुरुषाचे म्हणून सारे गाणेच पुरुषाचे, असे म्हणता येणार नाही. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन शृंगारिक लावण्या गात आणि शब्दांतला खट्याळपणा निव्वळ आवाजाच्या फेकीतून उभा करीत. बैठकीच्या लावणीत तर गायिका एकच ओळ निरनिराळ्या अदांनी फिरवून मांडते, तेव्हा आधी विनवणी वाटलेली ओळ तिसऱ्या-चौथ्या खेपेला चक्क टोमणा होऊन येते. ही करामत शाहिराच्या वहीत सापडत नाही. ती सर्वस्वी गाणारणीची असते.

बाई स्वतःच्या शब्दांत काय बोलते, हे पाहायचे असल्यास जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या समाजशास्त्राच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि रामाने वनात धाडलेली सीताही आहे, जिच्या वनवासात दळणारी आपलाच सासुरवास पाहते. भल्या पहाटे, जात्याच्या घरघरीत, तिला कोणाला रिझवायचे नव्हते. वक्त्यांनी लावणी आयटम साँगऐवजी या ओवीशेजारी ठेवून पाहिली असती, तर त्यांनी कदाचित वेगळे काही सांगितले असते.