कुठली बोली कुठे चालते

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ब्रिजमधली मल्टी दोन चौकट, म्हणजे बदाम की इस्पिक ते न सांगता त्यातल्या एका रंगाचा लांब पण कमजोर हात दाखवणारी सुरुवातीची बोली, ऑनलाइन स्पर्धेत चालते का, असं तू विचारलंस. ते स्पर्धा कोण भरवतंय यावर ठरतं. एवढ्या उत्तरावर तुझं समाधान व्हायचं नाही, आणि होऊही नये, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिज बेस ऑनलाइन ही नुसती खेळायची जागा. कुठली कन्व्हेन्शन, म्हणजे भिडूंनी आपसात खास अर्थ ठरवलेल्या बोली, चालतील ते ठरवतो स्पर्धेचा आयोजक, आणि त्या अधिकाराचा आधार ब्रिजच्या कायद्यातलं ४०वं कलम आहे. त्यामुळे एकाच संध्याकाळी, एकाच साइटवर, दोन स्पर्धांत दोन वेगळे नियम असू शकतात. अमेरिकेच्या एसीबीएल या ब्रिज संघटनेने २०१८ पासून चालणाऱ्या बोलींचे चार तक्ते केलेत: बेसिक, बेसिक प्लस, ओपन आणि ओपन प्लस. त्यांच्या स्पर्धेत बसायचं तर यातला कुठला तक्ता लागू आहे ते आधी बघायचं. जागतिक ब्रिज फेडरेशन सिस्टीमना, म्हणजे जोडीच्या संपूर्ण बोली-पद्धतींना, हिरवा, निळा, लाल, पिवळा असे रंग देतं. छोट्या क्लबांच्या स्पर्धांत कधी कधी नियमांच्या दोनच ओळी असतात. त्या दोन ओळी नाव नोंदवण्याआधी वाच. त्यात तुझ्या बोलीचा उल्लेख नसेल तर खेळ सुरू होण्यापूर्वी डायरेक्टरला विचार. पानं हातात आल्यावर ‘हे चालतं का?’ असं विचारणं म्हणजे आपल्या हातात काय आहे ते निम्मं सांगून टाकणं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मुलं कन्व्हेन्शनची नावं पाठ करता आणि नावावरून परवानगी शोधता. नियम करणारे बघतात ती बोली नक्की कसलं आश्वासन देते ते. जागतिक फेडरेशनची ‘ब्राउन स्टिकर’ कन्व्हेन्शनची व्याख्या घे. दोन किलवरपासून तीन इस्पिकपर्यंतची सुरुवातीची बोली कमजोर हातावर, म्हणजे सरासरी १० पॉइंटच्या (मोठ्या पानांच्या गुणांच्या) खाली, देता येत असेल आणि ठरलेल्या एका रंगात (बदाम, इस्पिक वगैरेंपैकी) किमान चार पानांची हमी देत नसेल, तर ती ब्राउन स्टिकर. हे तीन बोलींवर लावून बघ. दोन बदाम म्हणजे पाच बदाम आणि किलवर-चौकटीपैकी एकात चार पानं: बदाम ठरलेले आहेत, त्यामुळे अडचण नाही. दोन इस्पिक म्हणजे लांब किलवर किंवा लांब चौकट, हात कमजोर: एकही रंग ठरलेला नाही, त्यामुळे ब्राउन स्टिकर. तिसरी तुझी मल्टी, दोन चौकट म्हणजे सहा बदाम किंवा सहा इस्पिक, कमजोर. व्याख्येप्रमाणे हीसुद्धा त्यात बसली असती, पण किलवर किंवा चौकटीच्या दोनच्या बोलीने एका मेजरमधला (बदाम किंवा इस्पिकचा) कमजोर हात दाखवायला फेडरेशनने मुद्दाम सूट दिली आहे. ही सूट फेडरेशनच्या धोरणातली आहे. दुसऱ्या आयोजकाकडे ती गृहीत धरू नकोस.

बंधनं का घालतात हेही समजून घे. त्यात मला काहीच अन्याय दिसत नाही. समोरच्याचा रंगच माहीत नसेल तर क्यू-बिड (समोरच्याच्याच रंगाची बोली) कशाची करायची, डबलचा अर्थ काय लावायचा, हे सगळं आधी ठरवून यावं लागतं. टीमच्या लांब सामन्यात तेवढी सवड मिळते. पेअर्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत, दोन बोर्ड (डाव) खेळून जोडी पुढच्या टेबलावर जाते. घड्याळ चालू असताना अनोळखी जोडीने तुझ्या बोलीवर बचाव शोधून काढावा, ही अपेक्षा रास्त नव्हे.

तुम्ही प्रिसिजन ही सिस्टीम खेळता त्याची मात्र धास्ती बाळगू नका. सोळा किंवा जास्त पॉइंटची एक किलवर नेहमी ताकदवानच असते. फेडरेशनच्या हिशेबात ती निळी सिस्टीम. पिवळ्या रंगात काय येतं? ओपनिंगचा, म्हणजे बोली सुरू करण्याजोगा, हात असूनही ठरवून पास करणं, किंवा आठपेक्षा कमी पॉइंटवर एकच्या पातळीवर ठरवून उघडणं, असले प्रकार. त्या वाटेला इतक्यात जायचं कारण नाही.

बोली चालते हे कळलं तरी काम निम्मंच झालं. उरलेलं निम्मं म्हणजे अलर्ट, बोलीला खास अर्थ आहे अशी प्रतिस्पर्ध्यांना दिलेली सूचना. समोरासमोर खेळताना तुझ्या बोलीचा अलर्ट भिडू देतो. ऑनलाइन तू स्वतः देतोस, आणि तो फक्त प्रतिस्पर्ध्यांना दिसतो. भिडूने एक नोट्रम्प (हुकुमाविना खेळायची बोली) उघडला आणि तू दोन चौकट म्हणालास, तर खिडकीत ‘ट्रान्सफर’ किंवा ‘जॅकोबी’ लिहून थांबू नकोस. ‘किमान पाच बदाम, पॉइंट कितीही’ असं लिही. आधी अलर्ट टाइप कर, मग बोली दे. कुणी बोलीवर क्लिक करून अर्थ विचारला तर तुमच्यात जे ठरलंय तेच सांग. तुझ्या हातात नेमकं काय आहे ते सांगायला तू बांधील नाहीस.

फर्मागुडीच्या वसतिगृहात तू आणि तुझा भिडू एकाच खोलीत बसून खेळता, हे मला आवडलेलं नाही. अलर्ट भिडूला दिसू नये म्हणून ही सगळी व्यवस्था केली आहे, आणि तुम्ही शेजारशेजारच्या खाटांवर. किबोर्डचा आवाज लांबला तरी तुझी बोली साधी नाही हे त्याला कळतं. स्पर्धेच्या वेळी एकाने वाचनालयात जावं.

सायकिकबद्दलही विचारलंस. ठरलेल्या अर्थाबाहेरची बोली द्यायला कायदा मोकळीक देतो, पण भिडूलाही तिची कल्पना प्रतिस्पर्ध्यांइतकीच असायला हवी. एकाच जागी वारंवार केलीस तर भिडू ती ओळखू लागतो. मग तो तुमचा करार होतो आणि उघड करावा लागतो. काही आयोजक सायकिकला सरसकट मनाई करतात, तेही आधी वाच.

कन्व्हेन्शन कार्ड, म्हणजे तुमच्या बोलींच्या अर्थांचा तक्ता, साइटवर भरून ठेव आणि आटोपशीर ठेव. पावसाळ्यात फोंड्यात वीज जाते, नेट तुटतं, आणि डायरेक्टर तुझ्या जागी बदली खेळाडू बसवतो. त्याला तुमची मल्टी माहीत नसते. माझं मत विचारशील तर या मोसमात छोट्या पेअर्समध्ये साधी कमजोर दोन चौकट (लांब चौकटच दाखवणारी) खेळा, आणि मल्टी टीमच्या सामन्यांसाठी राखून ठेवा. रोबो भिडूसोबत खेळताना हा प्रश्नच येत नाही, तिथे सिस्टीम ठरलेली असते.

दोघांचं कार्ड या आठवड्यात मला पाठव. दोनच्या सगळ्या बोलींपुढे नाव न लिहिता अर्थ लिही: किती पॉइंट, कुठल्या रंगात किमान किती पानं. पुढच्या स्पर्धेची नियमांची पाटीही सोबत जोड, दोन्ही शेजारी ठेवून बघतो.

तुझा,
काका