श्रीमंत घरच्या बायकांनी डिस्काउंट स्टोअरमधले स्वस्त कपडे घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की घरचा धंदा चांगला चाललाय, पैशाला कमी नाही, तरी तुम्हाला तीनशे-चारशेचे कुर्ते आवडतात. सासूबाई म्हणतात घराण्याला शोभत नाही, आणि मैत्रीण म्हणते गरिबांच्या वाट्याचं घेतेस. घ्या. बिनधास्त घ्या.

मैत्रिणीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. हे काही रेशनचं धान्य नाही की तुम्ही एक उचललात म्हणून मागच्या बाईला कमी पडेल. झुडिओ म्हणा, विशाल मेगा मार्ट म्हणा, ही दुकानं खपावर चालतात. खपेल तितका माल पुन्हा भरला जातो.

सासूबाईंचं मात्र मला लागलं, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर अमळनेरचं. वडील, म्हणजे आमचे दादा, कटपीस विकायचे. पॅसेंजरने सुरतेला जायचं, रिंग रोडच्या मार्केटमधून ताग्यांचे उरलेले तुकडे किलोवर उचलायचे आणि पारोळा, धरणगाव, चोपडा असे आठवडे बाजार करायचे. त्यांच्या पालावर डॉक्टरीणबाई यायच्या, सावकाराच्या सुना यायच्या आणि निंदायला जाणाऱ्या बायाही. दादा सगळ्यांना एकच भाव सांगायचे. मला म्हणायचे, "पहिले कपडा हातमा लिसन देख, भाव मंग इचार." मुठीत घट्ट दाबून सोडला की चुण्या किती राहतात ते बघायचं. बोटांनी चोळल्यावर पांढरी भुकटी पडली तर खळ मारलेली आहे, एका धुण्यात कापड लुळं पडणार. शंका आलीच तर कडेचा दोरा काढून जाळायचा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टरची वितळून गोळी होते. किंमत बघून कापड ओळखता येतं, असं दादांनी कधीच शिकवलं नाही.

सासर शहाद्याकडचं. पपई, ऊस, मोठी बागायत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास पुतण्याचं लग्न होतं. आपल्याकडचा तो उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा 44-45 ला आणि मांडवात पाचशे माणूस. हळदीला मी डिस्काउंट स्टोअरमधला साडेतीनशेचा सुती कुर्ता घातला. हळदीचे डाग पडायचेच होते आणि सूत चांगलं होतं, मी बघूनच घेतला होता. मोठ्या नणंदबाई जरीकाम केलेल्या जॉर्जेटमध्ये घामाने निथळत होत्या. सगळ्या बायकांच्या देखत त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या पपईचे ट्रक दिल्लीला जातात अन् अंगावर हे? माझ्या भावाला लोक नावं ठेवतील." मी गप्प राहिले. मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं, शेजारणीला म्हणाल्या, "कटपीसवाल्याची पोर शेवटी."

दुसऱ्या दिवशी आहेराचे गठ्ठे सुटले. देण्याघेण्याच्या साड्या. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सुरतेहून गठ्ठ्याने आणायच्या, एकेक दीडशे-पावणेदोनशेच्या आतली, आणि मानपानात वाटायच्या. आणल्या होत्या नणंदबाईंनीच. मी एक हातात घेतली आणि मला कळलं. नीट साडी साडेपाच मीटरची असते, वर ब्लाउजपीस धरून 6.30. ही जेमतेम पाच भरली. पन्हाही आखूड, ब्लाउजपीस नाहीच. आमच्याकडे वर्षानुवर्षं पपई तोडायला येणाऱ्या मावशींना त्यातलीच मिळाली. त्यांनी ती मोठ्या आनंदाने लगेच नेसली. निऱ्या तीनच आल्या, पोटरी उघडी पडली, आणि त्या जेवणाच्या पंगतीत दोन्ही हातांनी साडी खाली ओढत बसल्या होत्या.

तेव्हा मी बोलले. "आक्का, माझा कुर्ता स्वस्त आहे, पण तो मी माझ्या अंगावर घालते. तुम्ही स्वस्त घेता ते दुसऱ्याला नेसवायला." तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं आहे. नवरा म्हणतो रिवाज आहे, सगळेच देतात. सगळेच देतात म्हणून तर त्या साड्या न नेसता या घरातून त्या घरात, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. शंभर साड्यांऐवजी चाळीस द्या आणि धड द्या, बाकीच्यांना पाकीट द्या. मी आजही त्या मांडवात तेच बोलेन.

म्हणून श्रीमंत बायकांनी स्वस्त कपडे घ्यावेत का, हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. त्या घेतच आल्यात, फक्त स्वतःसाठी नाही. दिवाळीला कामवालीला काय दिलं जातं, ते आपापल्या घरात आठवून बघा.

माझी भाची पुण्याला शिकते, ती वेगळं म्हणते. स्वस्त कपडा म्हणजे कुणाचं तरी शोषण. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत 2013 मध्ये कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिलाई कामगार. खरं आहे, आणि ते विसरू नये. पण तिथे युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपन्यांचाही माल शिवला जात होता. चिठ्ठीवरचा आकडा मोठा म्हणजे शिवणारीला जास्त मिळालं, असं होत नाही. सुरतेत लिंबायत, उधन्याला जाऊन बघा, आपल्याच खानदेशातली माणसं मागावर आणि मार्केटात राबतात. मागावरच्याला मीटरवर पैसे मिळतात. शोरूमने तीच साडी दोन हजाराला विकली म्हणून त्याचा मीटरचा दर वाढत नाही. भाचीचं एक मात्र मी मानते. स्वस्त म्हणून एकदम दहा कुर्ते उचलायचे आणि चार धुण्यांत टाकून द्यायचे, हे वाईट. पॉलिस्टर उकिरड्यावर कुजत नाही.

कुर्ता घेताना उलटा करून बघा. शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलंय, कडेची ओव्हरलॉकची शिलाई सुटतेय का, बगलेत जोड नीट आहे का. माया अर्धा इंचही नसेल तर शंभर रुपयांना मिळाला तरी ठेवून द्या. गडद लाल-निळ्याचा कोपरा ओल्या रुमालाने घासा, रंग रुमालावर आला तर घेऊ नका. उन्हाळ्यात रेयॉन चालेल, पॉलिस्टर आपल्या हवेत अंगाला लावू नका.

हो, सगळंच स्वस्त घ्या असंही माझं म्हणणं नाही. पैठणी घ्यायला येवल्याला गेलात तर विणकराशी घासाघीस करू नका, तिथे तुमच्याकडे आहे ते मोकळ्या हाताने द्या. आठवडे बाजारात पालावरून घेतलंत तर वीस रुपयांसाठी त्या माणसाला ताटकळत ठेवू नका. मोठ्या दुकानात छापील भाव मुकाट्याने देणाऱ्या बायका पालावर येऊन कशा भांडतात, ते मी लहानपणी गठ्ठ्यावर बसून बघितलंय.

सासूबाईंशी कुर्त्यावरून वाद घालू नका, कुर्ता अंगात घाला आणि वावरा. पण घरात पुढचं लग्न निघेल तेव्हा आहेराची यादी तुमच्याकडे मागून घ्या. नाही म्हणाल्या तर गठ्ठ्यातली एक साडी सोडा आणि त्यांच्यासमोर मीटरपट्टीने मोजा.