आवळ्याचा रस झाला, मग रात्रीची चालते का?

"मॅडम, काय खाऊ घातलं म्हणजे ह्यांचं लिव्हर सांभाळंल?" लातुरात दारूच्या व्यसनावर समुपदेशन करताना हा प्रश्न बायकांकडून सतत येतो. औशाकडच्या एक ताई रोज पहाटे आवळा, ओली हळद आणि भुईआवळ्याचा रस काढत आणि ग्लास रिकामा होईस्तोवर नवऱ्यासमोर उभ्या राहत. नवऱ्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघालं होतं.

दादांना विचारलं, "रस आवडतो?"

"लई तुरट लागतो. पण चुकवत नाही."

"का बरं?"

"सकाळी रस झाला की रातच्याला घ्यायला भ्या वाटत नाही."

ताई गप्पच झाल्या. त्यांच्या मायेच्या रसाचा नवऱ्याने परवाना केला होता.

मला मात्र इथंच वाट दिसली. ज्याला काळजीच नाही, तो रोज असला रस कशाला पिईल? म्हणून मी विचारलं, "कशाचं भ्या?" बराच वेळ ते हातातली टोपी चुरगाळत राहिले. "भावाचं पोट पाण्यानं फुगलेलं बघितलंय. लेकीनं मला तसं बघू नये." दारू सोडा, हे घरात रोज ऐकवलं जात होतं. पण सोडण्याचं कारण माणूस स्वतः बोलतो तेव्हाच तो हलतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. त्या दिवशी मी उपदेशाचा एक शब्द काढला नाही, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं ते दादांनीच ठरवलं.

आवळ्यातलं क जीवनसत्त्व, हळदीतलं कर्क्युमिन ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्यं, आहेतच. पण दारू पचवताना यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विष तयार होतं आणि यकृताचं स्वतःचं संरक्षक ग्लुटाथायोन घटतं. रोज दारू पोटात जात असेल तर ती झीज रसाने भरून निघत नाही. उलट दारू पूर्ण थांबली, की यकृतातली साधी चरबी काही आठवड्यांतच उतरू लागते. तेव्हा भाकरी, वरण, मेथी, अंडी असं पोटभर जेवण द्या. त्यात आवळा, हळद खुशाल असू द्या. हळदीच्या किंवा ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, गुळवेलीचे काढे मात्र मनाने सुरू करू नका. त्यांनीच यकृताला इजा झालेले रुग्ण आढळले आहेत.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हातापायाला कंप सुटतो, झटके येतात, भास होतात. जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.