पहिली नोकरी, पोर्टफोलिओ आणि विनामोबदला ‘टेस्ट’ : तरुण ग्राफिक डिझाइनरांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे उपयोजित कला आणि ग्राफिक डिझाइनचे शिक्षण नुकतेच संपवलेल्या तरुणांची आहेत. त्यांतील तीन प्रश्न निवडून त्यांना येथे सविस्तर उत्तरे दिली आहेत. वाचकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील असून उपयोजित कलेतील बीएफए पदवी यंदाच पूर्ण केली. पुण्या-मुंबईतील जाहिरात संस्थांना आणि डिझाइन स्टुडिओंना मी ईमेलने अर्ज पाठवते आणि सोबत चार वर्षांतील सगळे काम असलेली चाळीस पानांची पीडीएफ जोडते. बहुतेकांकडून पोचसुद्धा येत नाही. ज्या जाहिराती दिसतात त्यांत किमान दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, अशा स्थितीत नेमके काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी ती चाळीस पाने कमी करा. तुमचा अर्ज उघडणारी व्यक्ती बहुधा त्या स्टुडिओतील वरिष्ठ डिझाइनर असते आणि ती आपल्या दिवसभराच्या कामातून वेळ काढून अर्ज पाहत असते. पहिल्या दोन-तीन कामांतच तिचे मत तयार होते आणि पुढे एखादे कच्चे काम दिसले तर ते मत खाली येते. सहा ते आठ कामे पुरेशी आहेत. सर्वांत चांगले काम पहिले ठेवावे, त्या खालोखालचे शेवटी ठेवावे आणि ज्या कामाबद्दल तुम्हाला स्वतःलाच शंका आहे ते काढून टाकावे.

प्रत्येक कामासोबत चार ओळी असाव्यात : अडचण काय होती, कोणासाठी काम करायचे होते, कोणते पर्याय तपासून बाजूला ठेवले आणि शेवटचा पर्याय का निवडला. वहीतील पेन्सिलीची कच्ची रेखाटने छायाचित्र काढून जोडली तर फार उपयोग होतो, कारण नवख्या उमेदवाराकडून स्टुडिओला सफाईपेक्षा विचार करण्याची सवय हवी असते. सफाई वर्षभरात हाताला येते, पण विचार करण्याची सवय नसेल तर ती लावायला कोणाजवळ वेळ नसतो.

आता कोणती कामे ठेवायची याकडे वळू. महाविद्यालयात सगळ्या वर्गाला एकच विषय मिळतो, त्यामुळे एकाच वर्षी बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या पोर्टफोलिओंत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहांत, तीच कॉफीची साखळी, तोच परदेशी बूट आणि त्याच अत्तराच्या बाटलीची जाहिरात दिसते. अशा कामात तुम्ही वेगळ्या दिसणार नाही. त्याऐवजी तुमच्या आसपासची खरी अडचण उचला. साताऱ्याच्या एसटी स्थानकात जाऊन वेळापत्रकाच्या फलकासमोर तासभर उभे राहा आणि लोक तो कसा वाचतात ते पाहा. मेढ्याला किंवा वडूजला निघालेल्या वयस्कर प्रवाशाला आधी गावाचे नाव शोधायचे असते, मग वेळ आणि त्यानंतर गाडी कोणत्या मार्गाने जाते ते. फलकावर मात्र सुटण्याच्या वेळेप्रमाणे लांबच लांब यादी असेल, तर एका गावाच्या गाड्या त्यात पाच ठिकाणी विखुरलेल्या असतात. गावांच्या क्रमाने यादी लावली तर काय सोपे होते आणि काय अवघड होते? ‘महाबळेश्वर’ आणि ‘वाई’ ही दोन नावे एकाच रकान्यात बसवताना अक्षराचा आकार किती ठेवावा? दहा फुटांवरून ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक कळतो का? या प्रश्नांची उत्तरे शोधत तुम्ही तो फलक नव्याने मांडलात, त्याची पूर्ण आकाराची छापील प्रत काढून चार प्रवाशांना वाचायला दिलीत आणि त्यांना जे अडले त्यानुसार ती बदललीत, तर मुलाखतीत बोलण्यासारखे पुष्कळ काही तुमच्याजवळ असेल. कंदी पेढ्यांचे खोके, महिला बचत गटाच्या मसाल्याची पाकिटे, गावच्या वाचनालयाचे सूचनाफलक अशी कितीतरी कामे याच प्रकारची आहेत. काम कल्पित असेल, म्हणजे ते कोणी तुम्हाला सोपवलेले नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. लपवले तर मात्र विश्वास जातो.

यापुढचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या पोर्टफोलिओत देवनागरीतील काम किती आहे? मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचेही पोर्टफोलिओ बहुतांशी इंग्रजीत असतात आणि मराठी आलीच तर ती इंग्रजी मांडणीच्या कोपऱ्यात बसवलेली असते. वास्तविक महाराष्ट्रात छापल्या आणि प्रसारित होणाऱ्या कामाचा मोठा हिस्सा मराठीत आहे आणि ते नीट करणारे हात कमी आहेत. आपल्याकडे या विषयाची मोठी परंपरा आहे. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षके पाहिली की नाटकाची प्रकृती अक्षरांतूनच कळत असे. र. कृ. जोशी यांनी सुलेखन, अध्यापन आणि संगणकावरील भारतीय लिप्या या तिन्ही क्षेत्रांत काम केले. विंडोजमध्ये अनेक वर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ हा फॉण्ट त्यांचाच. अलीकडच्या काळात मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांचे, फॉण्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून दिले आहेत, त्यामुळे सरावासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

पण फॉण्ट असला म्हणजे मांडणी आली असे होत नाही. इनडिझाइन (पानांच्या मांडणीचे) किंवा इलस्ट्रेटर (रेखाचित्रांचे) या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय सुरू केली नाही, तर ‘हार्दिक’ शब्दातला रफार मोडून पाय मोडलेला ‘र’ वेगळा पडतो आणि वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते. इनडिझाइनमध्ये यासाठी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे अशा लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी सोय, लावावा लागतो. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तर काही फॉण्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे आपोआप देतात, एरवी हिंदी वळणाची रूपे येतात. दोन ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवताना दोन्हींचा पॉइंट आकार सारखा असूनही एक लहान दिसते, तेव्हा डोळ्यांनी जुळवून घ्यावे लागते. एवढ्या गोष्टी ज्या उमेदवाराला सांगाव्या लागत नाहीत, त्याला मराठी काम करणारा कोणताही स्टुडिओ सहसा मुलाखतीला बोलावतो. तुमच्या सहापैकी दोन-तीन कामे तरी अशी असावीत. त्यांपैकी एक मोठ्या मजकुराचे, म्हणजे मासिकाच्या चार-सहा पानांचे असावे, कारण शीर्षक सुंदर करणारे पुष्कळ असतात आणि सलग मजकूर वाचनीय लावणारे थोडे.

अनुभवाच्या अटीबद्दल थोडक्यात सांगतो. ‘ज्युनिअर’ पदासाठी एक-दोन वर्षांचा अनुभव मागितला असेल आणि कामाचे स्वरूप तुम्हाला जमणारे असेल, तर अर्ज करावा; ‘सीनिअर’ पदासाठी करू नये. शिवाय शोध जाहिरात संस्थांपुरता ठेवू नका. प्रकाशन संस्था, वृत्तपत्रांचे पुरवणी विभाग, शैक्षणिक पुस्तकांचे प्रकाशक, पॅकेजिंग करणारे कारखाने, संग्रहालये, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि बँका यांनाही डिझाइनर लागतात. त्यांतील अनेक जागांची जाहिरात कुठेच येत नाही. दिवाळी अंकांच्या मांडणीचे काम पावसाळ्याच्या मध्यापासून नवरात्रापर्यंत दाटलेले असते. त्या काळात संपादकांना मदतीचा हात हवा असतो, म्हणून त्यांना आषाढातच लिहावे.

ईमेल दहा ओळींहून मोठा नसावा. त्यात त्या स्टुडिओचे कोणते काम तुम्ही पाहिले आणि त्यातले काय आवडले हे नेमके लिहावे. जड पीडीएफऐवजी बिहान्सवरील (डिझाइनर आपली कामे मांडतात ते संकेतस्थळ) किंवा स्वतःच्या संकेतस्थळावरील दुवा द्यावा आणि तो दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडतो की नाही हे आधी तपासावे. दहा-बारा दिवसांनी एकदा नम्र स्मरणपत्र पाठवावे, त्यापुढे नाही.

प्रश्न : मी नाशिकचा आहे. एका स्टुडिओने मुलाखतीआधी ‘टेस्ट’ म्हणून त्यांच्या ग्राहकासाठी बोधचिन्ह आणि समाजमाध्यमांसाठी सहा पोस्ट करून मागितल्या आहेत. निवड झाल्यास तीन महिने विनावेतन इंटर्नशिप करावी लागेल आणि तोपर्यंत मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे ठेवाव्या लागतील, असे ते म्हणतात. घरचे म्हणतात, सुरुवातीला असे करावेच लागते. मी काय करू?

उत्तर : मूळ गुणपत्रिका कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि लगेच परत घ्याव्यात. या एकाच अटीवरून त्या जागेबद्दल सावध व्हायला हवे. नोकरी देण्यापूर्वी नोंदणी शुल्क, अनामत रक्कम किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणाऱ्यांनाही हाच न्याय लावावा.

चाचणी घेणे गैर नाही. पण ती दोन-तीन तासांत होणारी असावी, कल्पित विषयावर असावी आणि सगळ्या उमेदवारांना सारखी असावी. खऱ्या ग्राहकाचे बोधचिन्ह आणि सहा पोस्ट ही चाचणी नसून काम आहे आणि कामाला मोबदला असतो. तुम्ही त्यांना असे लिहू शकता : “आपल्या कामात मला मनापासून रस आहे. चाचणी म्हणून मी कल्पित विषयावर एक पोस्ट दोन दिवसांत करून देईन. ग्राहकासाठीचे काम करायचे असल्यास मोबदला आणि वापराच्या अटी आधी ठरवून घेऊ.” यावर ते रागावले, तर तेथे पुढे कसे वागवले जाईल याचा अंदाज तुम्हाला आधीच आलेला बरा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमानुसार नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. परंतु नोकरीवर नसताना, विनामोबदला आणि करार न करता दिलेल्या चाचणीला हे लागू होत नाही. प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. म्हणून चाचणीच्या प्रत्येक पानावर आपले नाव आणि तारीख घाला, मूळ संपादनयोग्य फाइल न देता कमी आकाराची प्रतिमा द्या आणि ‘फक्त निवडीसाठी’ असे ईमेलमध्ये लिहा. प्रताधिकार दिल्यानंतरही आपण त्या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क याच अधिनियमाच्या कलम ५७ ने कर्त्याला दिलेला आहे. तरीही नोकरीतले काम पोर्टफोलिओत कधी दाखवता येईल, हे रुजू होतानाच लेखी विचारून घेणे शहाणपणाचे आहे.

आता घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. जुन्या काळी उमेदवारी कमी पैशांत होत असे हे खरे, पण तिथे उस्ताद शेजारी बसवून शिकवत असे. तुम्हाला शिकवणार कोण, तुमचे काम पाहून त्यावर बोलणार कोण, हा पहिला प्रश्न विचारा. त्याचे नाव सांगता आले नाही, तर ती इंटर्नशिप म्हणजे फुकटचे मनुष्यबळ आहे. तीन महिने घरभाडे आणि प्रवास स्वतःच्या खिशातून भरू शकणाऱ्यांनाच अशी संधी परवडते आणि बाहेरगावची हुशार मुले दारातच अडतात, म्हणून ही पद्धत मला मुळातच अन्यायाची वाटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेल्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावेच लागते. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठीच्या केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिच्यात पदवीधरांना दरमहा १०,००० रुपयांची तरतूद होती. सध्याच्या अटी जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारा आणि त्या स्टुडिओलाही ही वाट सुचवून पाहा.

प्रश्न : लातूरला फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात मी दोन वर्षे कोरलड्रॉ या चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. डिझाइनची पदवी नाही, मुक्त विद्यापीठातून बीए केले आहे. पुण्यातील स्टुडिओत जायचे आहे. दुकानातील अनुभव अर्जात लिहावा की लपवावा?

उत्तर : अवश्य लिहावा आणि अगदी वरती लिहावा. पदवीधर मुलांना जे कागदावर माहीत असते ते तुम्ही रोज हाताने करता. पडद्यावरचा भडक निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, मंद होतो, कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा रंग सोडावा लागतो, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठ्या फ्लेक्सवर फुटतो, काळा मजकूर चारही रंगांत गेला तर छपाईत कडा दुहेरी दिसतात : हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून छापखान्यात गेलेली फाइल परत येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या श्री-लिपी फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासण्याचा सरावही तुम्हाला असेलच, आणि पुण्यातील अनेक प्रकाशकांना जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढताना नेमके तेच लागते.

उणीव आहे ती दुसरीकडे. दुकानात ग्राहक शेजारी बसून सांगतो आणि आपण अर्ध्या तासात उरकतो, त्यामुळे एका कामावर आठवडाभर विचार करण्याची सवय राहत नाही. ती जाणीवपूर्वक लावून घ्या. केलेल्या लग्नपत्रिकांपैकी एक निवडा आणि ती स्वतःसाठी पुन्हा करा : एकच फॉण्ट, दोनच रंग, नक्षी नाही, फक्त नात्यांचा क्रम, नावांचे आकार आणि मोकळी जागा यांवर पत्रिका उभी राहिली पाहिजे. ग्राहकाने नेलेली आणि तुम्ही नव्याने केलेली अशा दोन्ही पत्रिका, मूळ पत्रिकेतील नावे आणि पत्ते बदलून, पोर्टफोलिओत शेजारी ठेवा. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर शिकून घ्या. कोरल येणाऱ्याला त्याला काही आठवडे पुरतात. पहिला अर्ज मात्र जाहिरात संस्थेपेक्षा पुस्तकांच्या किंवा पॅकेजिंगच्या स्टुडिओकडे करा, आणि त्यात ‘प्री-प्रेसचा (छपाईपूर्व तयारीचा) दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव’ हे शब्द विषयाच्या ओळीतच लिहा.