त्रास एका दाढेचा, बिल पाच दाढांचं

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 44, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. 2010 साली त्यांनी पाच दाढांमध्ये चांदी, म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण, भरून घेतली होती. आता डॉक्टर म्हणाले, "जुनी झाली, पाचही काढून पांढरं सिमेंट भरून घ्या." एका दाढेचे 1,400, एकूण 7,000. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली 50,000 ची एफडी मोडावी, बचत गटातून दोन रुपये शेकड्यानं उचलावे, की कापूस विकेपर्यंत थांबावं, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली: "खालच्या उजव्या दाढेत भाकर अडकते अन् थंड पाणी झोंबते." बाकीच्या चार दाढांबद्दल तुमची काहीच तक्रार नाही. मग पाचही दाढा एकाच बिलात कशाला?

चांदी अमुक वर्षांनी बाद होते, असं नसतं. ती साधारण 10 ते 15 वर्षं टिकते, काहींची त्याहून कितीतरी जास्त. कड उचलली, तडा गेला, खाली कीड लागली, चावताना कळ आली, तर बदलायची. दर वेळी जुनं भरण कोरून काढताना थोडी चांगली दाढही जाते आणि खड्डा मोठा होतो. शिवाय दाढेत पांढरं सिमेंट सहसा चांदीइतकं टिकत नाही. म्हणजे धड असलेली चांदी काढणं हा पैशाचाही तोटा आणि दाढेचाही.

त्यातल्या पाऱ्याची भीती तुम्हाला कुणीतरी घातलेली दिसते. चांदीत जवळपास निम्मा पारा असतो हे खरं आहे, आणि जगभर तिचा वापर 2034 पर्यंत थांबवायचं ठरलं आहे, हेही खरं. पण तो निर्णय नव्यानं भरण्याबद्दल आहे. धड असलेली चांदी उगाच काढू नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 मध्येच सांगितलं आहे. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

दुखऱ्या दाढेला मात्र एक महिनाही देऊ नका. माझ्या आईच्या दाढेत असेच ज्वारीचे कण अडकायचे. बांगडीला लावलेली सेफ्टी पिन काढून ती जेवण झालं की दाढ कोरत बसायची. "सोयाबीन निघू दे, मग पाहू," असं म्हणत दोन हंगाम गेले. शेवटी दाढ काढावी लागली, आणि आजही ती एकाच बाजूनं चावते. कीड दाढेतल्या नसेला भिडली की 1,400 चं काम रूट कॅनल आणि कॅपवर जातं. तुमच्याच डॉक्टरांनी त्याचे 7,000 सांगितलेत. इतक्या वेगानं तर सावकाराचं व्याजही वाढत नाही.

आता पैशाचं. एका दाढेचे 1,400 तुमच्या खात्यावर येणाऱ्या लाडक्या बहिणीच्या एका हप्त्यात भागतात. तो हप्ता याच कामाला लावा. एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्याचा दंड फार नसतो. पण 7,000 साठी मोडलेल्या एफडीचे उरलेले 43,000 बचत खात्यात आले की फवारणी आणि निंदणात कधी गेले ते कळत नाही. पोरीच्या प्रवेशाला ते पुन्हा कुठून आणाल? गटाचे 7,000 आत्ता उचलून जानेवारीत कापूस विकून फेडले, तरी सहा महिन्यांचं व्याज 840 होतं. पीक कर्जातले तर मुळीच वापरू नका. ते ठरलेल्या मुदतीत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते.

राहिलेल्या चार दाढांचा एक्स-रे काढून घ्या. डॉक्टरांना विचारा, "कोणत्या दाढेत काय दिसते, मले दाखवा." कडेखाली काळी सावली दिसली तर तीही दाढ बदलावी लागेल. नुसतं "जुनी आहे" एवढंच उत्तर आलं, तर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहे, पण मजुरीचा एक दिवस बुडेल तोही हिशेबात धरा. साधं दात भरणं आरोग्य विम्यात सहसा बसत नाही, तेव्हा त्या आशेवर थांबू नका.

कापसाचा पहिला वेचा विकला की पोस्टात महिना 200 ची आरडी सुरू करा, फक्त दातांसाठी. घरात कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असेल, तर 20 रुपयांचा रोज एक धरला तरी महिन्याचे 600 होतात; आरडीचे 200 तिथूनच निघतील. या आठवड्यात बाजाराला तालुक्याला जालच, तेव्हा पिशवी भरायच्या आधी ती एक दाढ दाखवून या.